वादळी वळवाचा अंदाज कसा वापरावा



फेब्रुवारी सरत आला की आपल्या सातारा-सांगलीकडे सगळा माल उघड्यावर असतो. वाळवा, मिरज, पलूस भागात हळद शिजवून खळ्यावर पसरलेली असते. तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूरकडे निम्मे घड वेलीवर आणि निम्मे बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर असतात. माण, खटाव, जत, आटपाडीला शाळू काढून पेंढ्या रानात आडव्या पडलेल्या असतात. फलटण-खंडाळ्याकडे कांदा काढायला आलेला असतो. वर्षभराची मिळकत आभाळाखाली मांडलेली, आणि नेमके याच दिवसांत आभाळ फिरते. मार्च ते मे हे वळवाचे महिने. म्हणून आज खतांच्या मात्रा बाजूला ठेवून आभाळाविषयी बोलू.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी नोकरीत नवा होतो, तेव्हाची गोष्ट. वाळवा तालुक्यातल्या एका गावात एका काकांच्या खळ्यावर बसलो होतो. समोर शिजवलेली हळद, चार दिवसांचे ऊन खाल्लेली. सकाळच्या बातम्यांत सांगितले होते की मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता आहे. काकांनी विचारले, "साहेब, झाकू का?" मी वर बघितले. कडक ऊन, आभाळ निळे. मी म्हणालो, "तुरळक ठिकाणी म्हणजे कुठेतरी लांब, काका. वाळू द्या." दुपारी साडेचारला दक्षिणेकडून गार वारे आले, धूळ उठली आणि वीस मिनिटांत खळ्यावर पाणी उभे राहिले. काका मला एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी उलट चहा दिला. तो चहा काही मला गोड लागला नाही. हळदीचा रंग गेला आणि बाजारात भाव पडून मिळाला. अंदाज खोटा नव्हता, बंधूंनो. मला तो वाचता आला नव्हता. पदवी होती, पण 'तुरळक ठिकाणी' या दोन शब्दांचा अर्थ मी कधी कोणाला विचारला नव्हता.

तो अर्थ पुढे सांगतोच. त्याआधी हे वादळ होते कसे, ते बघू. कारण कळले की अंदाजातला शब्द पकडता येतो.

गरम हवा हलकी आणि थंड हवा जड, हे आपण चुलीवर रोज बघतो. थंड हवेचा मोठा पट्टा जेव्हा पुढे सरकतो, तेव्हा तो जड असल्याने जमिनीलगत राहतो आणि समोरच्या गरम, दमट हवेच्या खाली पाचरीसारखा घुसतो. गरम हवा उचलली जाते, वर जाऊन थंड होते, तिच्यातल्या वाफेचे पाणी होते आणि त्या पट्ट्याच्या पुढच्या कडेने गडगडाटी ढगांची रांगच उभी राहते. या कडेला हवामानशास्त्रात थंड हवेची आघाडी म्हणतात. आघाडी हा शब्द लढाईतला आहे, आणि तो तिथूनच घेतला आहे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. १९१९ च्या सुमारास नॉर्वे देशात बर्गन या गावी विल्हेल्म ब्येर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांचे सहकारी यांनी ही कल्पना मांडली. दोन फौजा समोरासमोर ठाकतात तशा दोन प्रकारच्या हवा एका रेषेवर ठाकतात आणि धुमश्चक्री त्या रेषेवर होते. युरोप-अमेरिकेत आजही शेतकऱ्याला ही रेषा आज कुठे आहे आणि उद्या कुठे पोचेल, हे नकाशावर दाखवतात.

मग आपल्याकडे काय? भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हवेच्या लहरी येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीरला बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला पाऊस त्यांच्यामुळे. त्यांच्या मागची थंड हवा आपल्यापर्यंत जमिनीवरून येते तेव्हा तिची धार बोथट झालेली असते. आपल्याला फार तर पहाटेचा गारठा जाणवतो. पण पाच-सहा किलोमीटर उंचीवर गोष्ट वेगळी असते. तिथे थंड हवेची ही लहर कधी कधी वाकून थेट महाराष्ट्रावर येते. खाली जमीन तापलेली, आणि दक्षिणेकडून, कधी बंगालच्या उपसागरावरून तर कधी अरबी समुद्रावरून दमट वारे येत असतात. म्हणजे उतरंड उलटी रचल्यासारखे झाले बघा. वर जड मडके, खाली हलके. एक धक्का लागला की कोसळायचीच.

तो धक्का देणारी रेषासुद्धा असते. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि दक्षिणेकडून येणारे दमट वारे जिथे एकमेकांना भिडतात, ती रेषा. उन्हाळ्यात ती पुष्कळदा विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या आतल्या भागातून खाली तमिळनाडू-केरळकडे गेलेली असते. आकाशवाणीवर, वर्तमानपत्रात तिला 'हवेच्या कमी दाबाचा पट्टा', 'द्रोणीय रेषा' किंवा 'खंडित वारे' म्हणतात. हे शब्द कानावर आले की आपण बातमी पुढे ढकलतो. ढकलू नका. ही रेषा मध्य महाराष्ट्रावर किंवा शेजारच्या कर्नाटकावर आहे असे सांगितले, वर पश्चिमी झंझावाताचा उल्लेख आला आणि आपल्याकडे दोन दिवस उकडते आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर पुढचे दोन-तीन दिवस दुपारी तीननंतर सावध राहायचे. कडक, उघडी आणि निळी सकाळ अशा दिवशी फसवी असते. त्या उन्हानेच ढगाचे इंधन तयार होते.

२०१४ सालची आठवण अजून गावोगाव निघते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट थांबतच नव्हती. वरची थंड लहर नेहमीपेक्षा फार दक्षिणेला येऊन बसली, एकामागून एक झंझावात येत राहिले आणि दोन्ही समुद्रांकडची दमट हवा तिच्याखाली ओढली गेली. तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांत गारा पडल्या. रानात पांढरी चादर अंथरल्यासारखे झाले होते. ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब काही सुटले नाही. मी तेव्हा बी.एस्सी. कृषिच्या शेवटच्या वर्षाला होतो. गारपिटीवरचा आमचा धडा पुस्तकात पाऊण पानाचा होता. त्यानंतर बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने गारपिटीची कारणे, नुकसान आणि नंतरची काळजी यांवर एक पुस्तिकाच काढली.

आता 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ. हवामान खात्याच्या भाषेत या शब्दांना मोजमाप आहे. एखाद्या विभागात जितकी पर्जन्यमापक केंद्रे आहेत, त्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडेल असे वाटते तेव्हा 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत 'काही ठिकाणी', निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याहून अधिक म्हणजे 'बहुतेक ठिकाणी'. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी चार गावांतली तीन गावे कोरडीच राहणार. त्या तीन गावांत पारावर बसून आपण म्हणणार, "हवामानवाले सांगतात पाऊस, म्हणजे आज ऊन पडणार!" विनोद चांगला आहे, मीही पुष्कळदा हसलो आहे. पण चौथ्या गावातल्या हळदवाल्याला विचारा.

मग त्या एका गावाचे नाव का सांगत नाहीत? वळवाचा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात जन्मून, बरसून संपतो. संगणकावर अंदाज काढताना देशाच्या चौकटी पाडतात. त्या चौकटी पूर्वी १२ किलोमीटरच्या होत्या. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, तिच्या चौकटी ६ किलोमीटरच्या आहेत. सुधारणा मोठी आहे. तरी ६ किलोमीटरची एक चौकट म्हणजे जवळजवळ ९ हजार एकर रान झाले. चाळणीची भोके मोठी असली की बारीक दाणा निसटणारच. रडारला ढग दिसतो, पण आपण मुंबईच्या आणि गोव्याच्या रडारपासून दूर आहोत. रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन गोल आहे. त्यामुळे इथे पोचेपर्यंत तो उंच गेलेला असतो, आणि त्याला ढगाचे वरचे अंगच दिसते, पोट दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की अंदाज हा 'पडेल की नाही' याचे उत्तर म्हणून ऐकू नका. तो तीन टप्प्यांनी येतो आणि प्रत्येक टप्प्याचे काम वेगळे आहे. चार-पाच दिवस आधीचा अंदाज जिल्ह्याचा असतो. त्यासोबत दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषि हवामान सल्ला निघतो. दुसरा टप्पा शेवटच्या तीन तासांचा. ढग उभे राहिल्यावर मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून जिल्ह्यासाठी इशारा निघतो. पुष्कळदा तो मोबाईलवर मराठीत संदेश म्हणून येतो. आणि तिसरा टप्पा शेवटच्या अर्ध्या तासाचा. तो कुठल्याही कार्यालयातून येत नाही. तो तुमचा तुम्हाला रानात उभे राहून बघायचा असतो.

इशाऱ्याचे रंगही लक्षात ठेवा. हिरवा म्हणजे चिंता नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कामाला लागा. मी काकांच्या खळ्यावर केलेली चूक सोप्या भाषेत अशी, की पिवळ्याला मी हिरवा समजलो.

आता पिवळ्या रंगाला झाकावे का? इथे हिशेब घाला. समजा, हळद गोळा करून ताडपत्रीखाली घालायला मजुरी आणि वाळण्याचा मोडलेला दिवस धरून हजार रुपये जातात. भिजली तर नुकसान वीस हजारांचे. तुरळक पाऊस म्हणजे ढोबळमानाने आपल्यावर यायची शक्यता फार तर चारात एक. चार वेळा झाकले तर चार हजार गेले आणि एकदा वीस हजार वाचले. चारात एक कशाला, दहात एक वेळ असली तरी झाकणेच परवडते. तीन वेळा झाकले आणि पाऊस आला नाही, तर ते पैसे वाया गेले असे म्हणू नका. उलट बाजूही बघा. द्राक्षाला गोडी भरायला आठ दिवस आहेत आणि पिवळा इशारा आला म्हणून घाईने बाग तोडली, तर नुकसान नक्की आणि पाऊस मात्र अनिश्चित. तिथे तुरळक या शब्दावर बाग तोडणे मला पटत नाही. केशरी रंग आला, 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'गारपीट' हे शब्द आले, माल तयार आहे आणि व्यापारी दारात आहे, तर मात्र दोन दिवस थांबण्याचा हट्ट करू नका.

आधीच्या टप्प्यात काय करायचे, ते मालाप्रमाणे ठरते. हळद शिजवायची बाकी असेल, तर अंदाज आल्यावर ती शिजवायला घेऊ नका. न शिजवलेली हळद दोन दिवस सावलीत ढिगाने राहू शकते, पण शिजवलेली ओली हळद झाकून ठेवली तर उबून बुरशी धरते. खळे शेजारच्या रानापेक्षा वीतभर उंच असू द्या आणि भोवती चर काढा. निम्मे नुकसान वरच्या पाण्याने नाही, खालून शिरलेल्या पाण्याने होते. ताडपत्री खळ्याच्या कडेलाच ठेवा. घरातल्या माळ्यावर ठेवलेली ताडपत्री वादळ येऊन गेल्यावर खाली येते, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

बेदाण्याच्या शेडला चारी बाजूंनी पडदे सोडता येतील अशी सोय हंगामाच्या आधीच करा आणि ते दोऱ्यांनी खाली बांधता येतील असे बघा. नुसते लोंबते पडदे वादळात शिडासारखे फुगतात आणि शेडच उपटून नेतात. पाऊस थांबला की पडदे लगेच वर करा. कोंडलेल्या दमट हवेने मण्यांचा रंग काळवंडतो. केशरी इशारा असेल तर नवीन माल जाळीवर टाकू नका. शाळूच्या पेंढ्या उभ्या करून, कणसे झाकली जातील अशा रचा. खुडलेली कणसे रात्रीपुरतीसुद्धा रानात ठेवू नका. काढलेला कांदा पातीने झाकून रानात ठेवायची आपली पद्धत उन्हासाठी चांगली आहे, पावसासाठी नाही.

मेंढपाळ बंधूंना एक वेगळे सांगायचे आहे. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गार वारे एकदम आले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हजारो मेंढ्या-शेळ्या एका रात्रीत गारठून मेल्या. वीज नाही, गारा नाहीत, नुसते भिजणे आणि वारे. त्यातही लोकर नुकतीच कातरलेली मेंढी आणि लहान कोकरू पहिले जाते. वाडा उघड्या माळावर असेल आणि अंदाज पावसासह थंड वाऱ्याचा असेल, तर कातरणी पुढे ढकला आणि दिवस मावळायच्या आत वाडा आडोशाला हलवा.

आता शेवटचा अर्धा तास. इथे तुमचे डोळे रडारपेक्षा सरस आहेत. सकाळीच आभाळात मधल्या उंचीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे छोटे ढग ओळीने उभे दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे असे समजा. दुपारी ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गच्च फुगत असेल, तर तो वाढतो आहे. तोच माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट आणि कडांनी पिंजलेल्या कापसासारखा झाला की त्याच्या वरच्या अंगात बर्फ झाले. वीज आणि गारा तिथून निघतात. म्हातारी माणसे मीठ ओलसर झाले, मुंग्यांनी अंडी हलवली असे सांगतात. ते मी हसण्यावारी नेत नाही. मीठ हवेतला दमटपणा बरोबर सांगते. पण पाऊस कुठे आणि कधी, हे मिठाला सांगता येत नाही.

एक चूक मात्र पुष्कळांची होते. ढग समोर उभा आहे आणि जमिनीवरचे वारे आपल्याकडून ढगाकडे वाहते आहे. आपण म्हणतो, "वारं तिकडं चाललंय, ढग तिकडंच जाणार." तसे नसते. वाढता ढग खालची गरम हवा स्वतःकडे ओढून घेत असतो. तो चालतो वरच्या वाऱ्याबरोबर. म्हणून तो वाऱ्याच्या उलट आपल्या अंगावर येतो. ढग कुठे चालला आहे हे बघायचे असेल, तर विजेच्या खांबाशी किंवा देवळाच्या कळसाशी त्याची कड धरा आणि पाच मिनिटे बघा. कड सरकत नाही, पण ढग मोठा होतो आहे, तर तो सरळ तुमच्याकडे येतो आहे.

आणि मग ती खूण, जिच्यासाठी मी सुरुवातीला आघाडीची गोष्ट सांगितली. ढग कुठेतरी बरसू लागला की पावसाने थंड झालेली जड हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. ही छोटी, गावाच्या मापाची थंड हवेची आघाडीच असते. पावसाच्या पुढे ती कधी कधी दहा-वीस किलोमीटर धावते. आधी वारे पडते, पान हलत नाही, जीव घाबरा होतो. मग वाऱ्याची दिशा एकदम फिरते आणि गार लोट येतो. त्याच्यापुढे धुळीची भिंत असते. मातीचा वास येतो. ढगाच्या पोटापुढे काळी पडवी काढल्यासारखा पट्टा दिसतो. हा लोट अंगाला लागल्यावर हातात वेळ किती? कधी पाच मिनिटे, कधी पंधरा. त्या वेळात ताडपत्री ओढून कडेला दगड ठेवता येतात. ती शोधायला जाता येत नाही.

हा लोट येऊन पाऊस आला नाही, तरी निश्चिंत होऊ नका. तो जिथे जिथे घुसतो तिथली गरम हवा उचलतो आणि नवा ढग उभा करतो. दोन गावांवर बरसलेल्या ढगांचे गार वारे तिसऱ्या गावाच्या माळावर एकमेकांना भिडले, तर त्या तिसऱ्या गावाला सगळ्यात जोराचा पाऊस होऊ शकतो. म्हणून विट्याला पाऊस झाल्याचा फोन आला, तर तासगावकराने "बरं झालं, तिकडंच पडला" असे म्हणू नये.

माल राहू द्या, आता माणसाचे बघू. वीज दिसली की मनात मोजा. एक हजार एक, एक हजार दोन, असे मोजत गेले की एक आकडा साधारण एका सेकंदाचा होतो. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेवढ्या अंतरावर पुढची वीज तुमच्या रानात पडू शकते, पाऊस नसला तरीही. काम टाकून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या त्याच हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईल अॅप आहे. ते आपल्या भोवतालच्या विजा दाखवते आणि पुढच्या थोड्या वेळाचा इशारा देते. घरातल्या मुलाकडून ते उतरवून घ्या.

झाडाखाली थांबू नका, हे शाळेत शिकवतात. पण आपल्या भागाच्या दोन गोष्टी शाळेच्या पुस्तकात नाहीत. पहिली, द्राक्षाचा मांडव. लोखंडी अँगल आणि एकराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. एका कोपऱ्यात वीज उतरली, तर तारेला हात लावलेला माणूस दुसऱ्या कोपऱ्यात असला तरी सापडतो. गडगडाट सुरू झाला की घड झाकायलासुद्धा बागेत शिरू नका. दुसरी, बेदाण्याचे शेड. वर पत्रा आहे म्हणून बायका तिथे आडोसा घेतात. भिंती नसलेले लोखंडी शेड म्हणजे घर नव्हे. बंद टपाच्या जीपमध्ये किंवा टेम्पोत काचा लावून बसणे त्यापेक्षा बरे. ट्रॅक्टर उघडा असतो, त्यावर बसू नका. मोटारीच्या पेटीला हात लावू नका. जनावरे झाडाला बांधू नका. वीज झाडातून जमिनीत उतरते तेव्हा पुढच्या आणि मागच्या पायांत दाबाचा फरक पडतो, म्हणून झाडाखालचे जनावर माणसाआधी जाते. उघड्या माळावर अडकलातच, तर दोन्ही पाय जुळवून, डोके गुडघ्यांत घालून उकिडवे बसा. आडवे पडू नका. चार माणसे असाल तर एकमेकांपासून लांब बसा.

एखाद्यावर वीज पडली, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. अजून पुष्कळ गावांत माणसाला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात आणि मोलाची वेळ जाते. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. वीज पडलेली बरीच माणसे अशी वाचतात.

गारा पडून गेल्यावर लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी फुटलेले मणी आणि मोडलेल्या फांद्या काढा, पाणी बाहेर काढा. डाळिंबाच्या सालीवर जखमा झाल्या असतील तर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. द्राक्ष तोडणीला आले असेल, तर कोणतेही औषध मारण्याआधी तोडणीपूर्वी किती दिवस थांबावे लागते ते बघा. नाहीतर गारांतून वाचलेला माल औषधाच्या अंशामुळे परत येईल. विम्याचे नियम दर हंगामाला बदलतात. आपल्या पावतीवर कळवण्याची काय मुदत लिहिली आहे ते आजच वाचून ठेवा आणि नुकसान झाले तर माल उचलण्याआधी फोटो काढा.

एका श्रोत्याने पत्रातून विचारले आहे, की काही ठिकाणी आभाळात आवाजाची तोफ डागून गारा फोडतात, तशी गावाने वर्गणी काढून आणावी का? बंधूंनो, अशा तोफा परदेशात शंभर वर्षांहून अधिक काळ वाजत आहेत, आपल्या देशात हिमाचलच्या सफरचंदवाल्यांनीही बसवल्या आहेत. पण त्यांच्या आवाजाने गारा थांबतात असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. ढगाचा गडगडाट त्या तोफेपेक्षा किती मोठा असतो, हे तुम्ही ऐकलेलेच आहे. तेवढ्या वर्गणीत गावातल्या बऱ्याच खळ्यांना ताडपत्र्या येतील. स्वतःचे जादा पैसे घालायचेच असतील तर ते द्राक्षावरच्या प्लॅस्टिक आच्छादनात किंवा डाळिंबावरच्या गारपीटरोधक जाळीत घाला. जाळीचे खांब मात्र वादळात टिकतील असे पक्के रोवून घ्या. त्याविषयीचा खर्च आणि मोजमाप आपल्या तालुका कृषि कार्यालयात विचारा.